रेनकोट घालूनही अंग ओलं का होतं? घोंगडं, इरलं आणि प्लॅस्टिकच्या कागदामागचं गणित

कोल्हापूर : मृग नक्षत्र निघालं की तालुक्याच्या बाजारात बियाणं-खताच्या दुकानांइतकीच गर्दी रेनकोट, छत्र्या आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या दुकानांपुढं होते. रोप लावणीला जाणाऱ्या बायकांपासून पहाटे डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांनाच पावसात अंगावर काहीतरी लागतं. आणि दरवर्षी एक तक्रारही ठरलेली असते. एवढा नवा रेनकोट घातला, तरी घरी येईपर्यंत आतला सदरा चिंब!

अशा वेळी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली जातात. पण बहुतेक वेळा रेनकोट गळका नसतो. आतला सदरा पावसानं भिजलेलाच नसतो, तो घामानं भिजलेला असतो. पावसात अंग कोरडं ठेवायचं म्हणजे एक नव्हे, दोन पाण्यांशी गाठ असते. बाहेरून येणारं पावसाचं पाणी आणि आतून निघणारं घामाचं पाणी. कुठलं कापड यातलं कुठलं पाणी सांभाळतं, हे एकदा समजलं की दरवर्षीचा खर्चही वाचतो आणि लावणीच्या दिवसांतला सर्दी-ताप, अंगदुखीही कमी होते.

एकाच जिल्ह्यात दोन पावसाळे

कोल्हापूर जिल्ह्याचे तालुके बारा, पण पाऊस सगळीकडं सारखा नाही. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या शिरोळ तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडचा पश्चिम भाग, भुदरगड इथं तरण्या-म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांत, दिवसदिवस सूर्य दिसत नाही. नेमकी याच दिवसांत भाताची लावणी असते.

लावणीचं काम म्हणजे कमरेत वाकून, घोटाभर चिखलात, सात-आठ तास. अशा कष्टात तासाला अर्धा लिटर घाम सहज निघतो. एरवी हा घाम वाऱ्यानं सुकतो आणि अंग थंड राहतं. एक लिटर घाम सुकताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. काम चालू असताना हे बरं वाटतं. पण जेवायला बांधावर बसलं, काम थांबलं, की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढायला लागतं. हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून २२ अंशांच्या हवेतही माणसाला हुडहुडी भरते. कोरड्या अंगाला त्याच हवेत काहीच वाटत नाही.

सुती कापड म्हणजे दिव्याची वात

अळूच्या पानावर पाणी टाकलं तर त्याचे मोती होतात आणि घरंगळून जातात. तेच पाणी सुती धोतरावर टाकलं तर पसरतं आणि आत मुरतं. कापड पाण्यात टिकणार की भिजणार, याचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींत आहे.

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. पाण्याला जवळ न करणारा पृष्ठभाग मिळाला की ते आपापसांत गोळा होतात, थेंब गोल राहतो. अळूच्या पानावर मेणासारखा थर असतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो, खाली हवा राहते, म्हणून तो टिकत नाही.

कापसाचा स्वभाव नेमका उलटा. कापसाच्या तंतूला पाण्याची ओढ असते. शिवाय तंतूंच्या मधल्या बारीक फटी दिव्याच्या वातीसारखं काम करतात. वात जशी तेल वर ओढते, तसं सुती कापड पाणी ओढतं. नऊवारीचा काठ चिखलात टेकला की ओल गुडघ्यापर्यंत चढते ती यामुळंच. सुती कापड भिजलं की त्यातली हवा निघून जाते, कापड अंगाला चिकटतं आणि सुकायला दिवस लागतो. उन्हाळ्यात कापसासारखं सुख नाही, पण पावसात अंगालगत सुती कापड असणं सगळ्यात वाईट.

पॉलिस्टरचं गणित वेगळं आहे. सर्वसाधारण हवेत १०० ग्रॅम कापूस साधारण साडेआठ ग्रॅम ओल धरून ठेवतो. नायलॉन ४ ग्रॅम, तर पॉलिस्टर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणून पॉलिस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही. पाणी फक्त धाग्यांच्या मध्ये अडकतं आणि झटकलं की बरंचसं निघून जातं. खेळाडूंचे टी-शर्ट त्याच कापडाचे असतात.

घोंगडं : पाणी पितं, तरी ऊब देतं

लोकर या सगळ्यांपेक्षा निराळी आहे. त्याच सर्वसाधारण हवेत १०० ग्रॅम लोकर सुमारे १६ ग्रॅम ओल धरते, म्हणजे कापसाच्या जवळपास दुप्पट. तरीही ती ओली लागत नाही. याचं कारण लोकरीच्या बांधणीत आहे.

लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. त्या खवल्यांवर चरबीचा अतिशय पातळ थर असतो. तो पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, त्यामुळं पावसाचे थेंब वरच थबकतात. पण वाफेला तो अडवत नाही. अंगाची वाफ खवल्यांतून तंतूच्या पोटात शिरते आणि तिथं साठते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात असली तरी लोकर हाताला कोरडी लागते. दोन किलोच्या घोंगड्याचा हिशेब केला तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी झालं! त्यात आणखी एक गंमत म्हणजे ही ओल शोषताना लोकरीतून थोडी उष्णता बाहेर पडते. घोंगडं पांघरल्यावर लगेच ऊब येते, त्यात याचाही वाटा आहे.

आपल्याकडचं घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. ही लोकर राठ आणि बहुतेक काळी. मऊ स्वेटरला ती चालत नाही, पण राठ आणि दांडग्या तंतूमुळं ओली झाली तरी चोळामोळा होऊन बसत नाही. आतली हवा टिकून राहते, आणि ऊब देते ती खरं तर ही हवाच.

विणण्यातही युक्ती आहे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं आणि सणगर समाजाच्या विणकरांनी खड्ड्यातल्या मागावर घोंगडं विणायचं, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची विभागणी. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिली जाते. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली ही खळ धाग्याची पिसं बसवते आणि माग चालताना धागा तुटू देत नाही. घोंगडं वापरात आलं, भिजलं-वाळलं, की खवले एकमेकांत अडकून कापड घट्ट होत जातं. जुनं घोंगडं नव्यापेक्षा जास्त पाऊस सोसतं, असं म्हातारी माणसं सांगतात त्यात तथ्य आहे.

घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडायची पद्धतही विचारपूर्वक आहे. दोन पदर एकावर एक येतात, मध्ये हवा राहते, आणि उतारामुळं पाणी मागं ओघळून जातं. पोत्याची खोळही याच तत्त्वावर. फरक एवढाच की ताग पाणी पितो आणि भिजल्यावर ऊब देत नाही.

घोंगड्याची मर्यादाही सांगायला हवी. तासा-दोन तासांच्या पावसाला ते पुरून उरतं. गगनबावड्यासारख्या ठिकाणी दिवसभर धो-धो पाऊस लागला तर शेवटी धाग्यांच्या फटींत पाणी साचतंच. मग तेच घोंगडं वजनानं दुप्पट होतं आणि सुकायला दोन-तीन दिवस घेतं. पूर्वी रात्री चुलीजवळ घोंगडं वाळत घालत, त्याचा फायदा हाच. आधी पोटातली ओल गेली तरच सकाळी नवी ओल घ्यायला जागा राहते.

इरलं : अंगावरचं कापड नव्हे, पाठीवरचं छप्पर

कोकण आणि घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यांनी तिसरा मार्ग काढला होता. कळकाच्या कामट्यांचा सांगाडा विणायचा, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसाची किंवा सागाची पानं दाबून बसवायची, आणि हे इरलं डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. वाकून काम करणाऱ्या माणसासाठी याहून चांगली रचना आजही मिळत नाही.

कारण इरलं अंगाला चिकटतच नाही. पाठ आणि इरलं यांच्या मध्ये वारा खेळतो. पाऊस वरून ओघळून जातो आणि घाम खालून सुकतो. दोन्ही पाण्यांचा बंदोबस्त एकदम होतो, दोन्ही हातही मोकळे राहतात. पुढं पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, तरी तत्त्व तेच राहिलं. अडचण वाऱ्याची. जोराचा वारा सुटला की इरलं उलटतं, आणि गाडीवर बसायला तर त्याचा काही उपयोग नाही.

रबरापासून प्लॅस्टिकपर्यंत

पाणी अजिबात आत येऊ नये म्हणून कापडाच्या फटी बुजवायच्या, ही कल्पनाही जुनी आहे. तेल-मेण चोळलेलं मेणकापड आपल्याकडं पूर्वीपासून माहीत होतं. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पेटंट घेतलं. तो कोट थंडीत ताठ व्हायचा आणि उन्हात चिकट. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली, त्यानंतर रबरी कोट खऱ्या अर्थानं वापरात आले. आजच्या रेनकोटात रबराऐवजी पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो.

थर देण्याआधीचं मूळ कापडही महत्त्वाचं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तिथं ज्याला रीड-पिक म्हणतात, म्हणजे इंचात उभे आणि आडवे धागे किती, त्यावरच कापडाची प्रत ठरते. धागे जितके दाट तितक्या फटी लहान. छत्रीचं कापड याचं उदाहरण. दाट विणीच्या ताणलेल्या कापडावर थेंब फटीवर पूल बांधल्यासारखा बसतो आणि घसरतो. जाड कापडाच्या तंबूत पाऊस चालू असताना आतून बोट लावू नये म्हणतात, तेही यासाठीच. बोट लागलं की तो पाण्याचा पूल मोडतो आणि तिथूनच गळती सुरू होते.

थर दिलेल्या कापडात पाऊस शिरत नाही हे खरं. पण जी भिंत पाऊस अडवते तीच वाफही अडवते. अंगाची वाफ थंड प्लॅस्टिकला आतून लागते आणि तिचं पाणी होतं. भाताच्या भांड्यावरच्या झाकणाला आतून थेंब जमतात, तसंच. रेनकोट आतून ओला होतो तो असा.

श्वास घेणारं कापड, आणि आपली हवा

यावर उपाय म्हणून अमेरिकेत रॉबर्ट गोअर यांनी १९६९ मध्ये एका प्लॅस्टिकला झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. गोअर-टेक्स या नावानं तो १९७६ पासून कपड्यांत आला. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यातलं छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २० हजार पट लहान, पण वाफेच्या कणापेक्षा सुमारे ७०० पट मोठं असतं. म्हणजे पाऊस बाहेर राहतो आणि वाफ निघून जाते. आता इतर कंपन्याही तशी कापडं करतात.

सह्याद्रीत ट्रेकिंगला येणाऱ्यांच्या अंगावर अशी जाकिटं दिसतात. पण ती महाग असतात, आणि घाटमाथ्यावरच्या पावसात पुरती उपयोगाची ठरतीलच असं नाही. वाफ बाहेर जाते ती आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तर. जुलैत गगनबावड्याची हवाच पाण्यानं गच्च भरलेली असते, त्यामुळं वाफेला बाहेर जायची ओढ कमी पडते. शिवाय वरचं कापड पाण्यानं पूर्ण भिजलं की छिद्रांवर पाण्याची चादर बसते आणि श्वास कोंडतो. चिखल आणि भाताच्या पात्यांचं घासणं तर वेगळंच.

कोणत्या कामाला काय बरं?

लावणी, भांगलण अशी वाकून करायची कामं : इरलं मिळालं तर उत्तम. नाहीतर पाठीवर मोकळा सोडलेला प्लॅस्टिकचा कागद किंवा सैल पोंचो. बटणं लावून बंद केलेला रेनकोट इथं गैरसोयीचा. आत सुतीऐवजी पातळ पॉलिस्टरचा सदरा घालावा. एक कोरडा कपडा पिशवीत बांधून न्यावा आणि जेवायला बसताना बदलावा. एवढ्यानंही अंगात गारठा शिरायचं थांबतं.

जनावरं, शेळ्या-मेंढ्या राखणं : उभं राहायचं किंवा हळू चालायचं काम, घाम कमी, गारठा जास्त. इथं घोंगड्याला तोड नाही. पाऊस जोराचा असेल तर घोंगड्यावरून प्लॅस्टिकचा कागद सैल घ्यावा. बाहेरचं पाणी कागद अडवतो, आतली वाफ घोंगडं पितं. दोन पदरांनी दोन कामं वाटून घेतली की कुठल्याही महाग जाकिटाची बरोबरी होते.

मोटारसायकल : इथं घाम कमी आणि पावसाचा मारा जास्त, त्यामुळं जाड थराचा, शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट योग्य. बसल्यावर मांडीखाली आणि गुडघ्यावर दाब पडतो, पाणी तिथूनच शिरतं.

पाय : कापड कितीही चांगलं असलं तरी चिखल्यांवर त्याचा उपाय नाही. काम संपल्यावर बोटांच्या बेचक्या धुऊन पूर्ण कोरड्या करणं महत्त्वाचं. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात गमबूट घातल्याशिवाय उतरू नये, कारण लेप्टोचा धोका असतो.

घेताना आणि वापरताना

रेनकोट घेताना आधी शिवण बघावी. सुईच्या प्रत्येक टोच्याला एक भोक पडतं. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तरच ती गळत नाही. काही रेनकोटांवर २००० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा असतो. त्याचा अर्थ, तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब कापडावर उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. आकडा जितका मोठा तितकं कापड दाबाला टिकतं. काखेत किंवा पाठीवर झाकलेली वाऱ्याची जागा असेल तर आणखी चांगलं.

ओला रेनकोट घडी घालून डिकीत ठेवला की बुरशी येते आणि आतला थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. तो सावलीत, टांगून वाळवावा. इस्त्री आणि चुलीची धग टाळावी. पाण्याचे थेंब वरून घरंगळायचे थांबले आणि कापड भिजायला लागलं, तर वरचा लेप झिजला असं समजावं.

घोंगडं साबणाच्या पावडरीनं वारंवार धुऊ नये. तंतूवरची उरलीसुरली चरबी त्यानं निघून जाते. पिळूही नये. साध्या पाण्यातून काढून, आडव्या काठीवर निथळत ठेवावं. पावसाळा संपला की ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून बांधून ठेवावं, नाहीतर कसर लागते.

पण घोंगडं राहणार का?

हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. फरांडे बाबांच्या भाकणुकीत पुढच्या वर्षी पाऊसपाणी कसं होईल हे ऐकायला लाखोंचा समाज जमतो. पाऊस आणि लोकर यांचं नातं इथं देवापुढं मांडलं जातं.

बाजारात मात्र ते नातं तुटत चाललं आहे. दख्खनी मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. तिला भाव इतका कमी की अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही निघत नाही, आणि कातरलेली लोकर तशीच टाकून दिली जाते. मटणाला चांगला दर असल्यानं मेंढपाळ जत भागातल्या माडग्याळ जातीकडं वळले. ती मेंढी वजनाला भरते, पण घोंगड्याजोगी लोकर देत नाही. सूत कातणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, सणगरांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली. हातमागावरच्या घोंगड्याची किंमत म्हणूनच वाढत गेली, आणि दरसाल फाटणारा रेनकोट स्वस्त वाटू लागला.

नीट सांभाळलेलं घोंगडं एका माणसाला दहा-पंधरा वर्षं सहज पुरतं, फाटलं तरी गोठ्यात वासराच्या अंगावर किंवा बसायला उपयोगी पडतं, आणि शेवटी मातीत मिसळून जातं. तेवढ्या वर्षांत एका घरातले किती रेनकोट बांधावर, ओढ्यात जातात याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. पुढच्या मृगाला खरेदीला जाताना एवढंच बघावं, आपलं काम घाम काढणारं आहे की गारठा लावणारं. त्यावरून अंगावर काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.